पोट दुखतंय की बोट?

आरशासमोर उभं राहा आणि आवाज न काढता आधी 'पोट' म्हणा, मग 'बोट'. ओठ दोन्ही वेळा सारखेच मिटतील, सारखेच उघडतील. मग 'ताप' आणि 'दाब' म्हणून पाहा. मग 'सात' आणि 'साठ'. प, ब, भ, म ओठांवर एकसारखे दिसतात. क, ख, ग, घ इतके मागे घडतात की बाहेरून त्यांचा पत्ताच लागत नाही. 'बहिऱ्या माणसाशी सावकाश आणि मोठ्यानं बोललं की त्याला ओठांवरून कळतं' हा दवाखान्यांतला जुना समज या सहा शब्दांतच निकालात निघतो. ओठ वाचणारा माणूस वाचतो कमी आणि ताडतो जास्त. विषय ठाऊक असेल, बोलणारा ओळखीचा असेल, उजेड त्याच्या चेहऱ्यावर पडत असेल, तर ताडलेलं जुळतं. ओपीडीत विषय नवा, डॉक्टर अनोळखी आणि खिडकी बहुधा डॉक्टरांच्या पाठीमागे, म्हणजे चेहरा अंधारात. त्यावर मास्क चढला की उरलंसुरलंही संपतं.

नागपुरात या गुंत्याला आणखी एक पीळ आहे. मेडिकल आणि मेयो ही शहराची रुग्णालयं असली तरी त्यांच्या दारात शिवनी, छिंदवाडा, बालाघाटपासून गडचिरोलीपर्यंतची माणसं येतात. केस पेपरच्या खिडकीवर 'काय होऊन राह्यलं' असं विचारतात, वॉर्डात सिस्टर 'दुखतंय का' म्हणतात आणि आत निवासी डॉक्टर 'दर्द कहाँ है' अशी सुरुवात करतात. ऐकू येणाऱ्याला यात काही वावगं वाटत नाही, नागपूरकर दिवसभर असंच बोलतो. शाळेत प्रमाण मराठीचे ओठ वाचायला शिकलेल्या बधिर माणसाला मात्र समोरचे ओठ नेमक्या कोणत्या भाषेत हलताहेत, हेच आधी ठरवावं लागतं.

म्हणून मागणी होते: डॉक्टरांना सांकेतिक भाषा शिकवा. मागणी रास्त आहे, पण ती ज्या रीतीनं पुरी केली जाते ती रीत धोक्याची आहे. रुग्णालयात काम करणाऱ्या प्रत्येकाला थोडी खूण यायलाच हवी. त्याचबरोबर आपल्याला येणारी खूण कुठे संपते, हेही प्रत्येकाला तितकंच पक्कं ठाऊक हवं. ती संपते तिथून पुढे प्रशिक्षित आणि पगारी दुभाष्या लागतो. यातलं पहिलं काम एका दुपारच्या कार्यशाळेत उरकता येतं, त्याचे फोटोही चांगले येतात, म्हणून ते अधूनमधून होतं. दुसऱ्याला पद, वेतन आणि ड्युटीचा तक्ता लागतो, म्हणून ते होत नाही.

आधी भाषेबद्दल. भारतीय सांकेतिक भाषा म्हणजे हातांनी बोललेली मराठी किंवा हिंदी असा समज शिकलेल्या लोकांतही आहे. तिला स्वतःचं व्याकरण आहे. प्रश्नाची खूण वाक्याच्या शेवटी येते, नकारही शेवटी येतो. 'कोण', 'कुठे', 'कधी' यांच्या मुळाशी एकच प्रश्नखूण असते: तिला चेहरा जोडला की 'कोण', जागा जोडली की 'कुठे', वेळ जोडली की 'कधी'. काळ क्रियापदाच्या प्रत्ययात नसतो. 'काल' किंवा 'उद्या' ही खूण आधी करायची आणि मग गोष्ट सांगायची. वाक्य प्रश्न आहे की विधान, हे भुवया, हनुवटी आणि मान सांगतात. हात बरोबर पण चेहरा कोरा, असं झालं तर 'तुला दुखतंय' आणि 'तुला दुखतंय का' यांत काही फरक उरत नाही. भावना चेहऱ्यावर न दाखवण्याची सवय डॉक्टरांना मुद्दाम लावलेली असते. इथे तीच आडवी येते.

दुसरी चूक भाषेच्या निवडीतली. सांकेतिक भाषा जगभर एकच नाही. भारतात इंग्रजी मुळाक्षरं दोन हातांनी दाखवतात, ते वळण ब्रिटिश आहे. अमेरिकेत तीच मुळाक्षरं एका हातानं दाखवतात. मोबाइलवर शोधायला गेलं की पहिल्यांदा अमेरिकेचेच व्हिडिओ समोर येतात आणि उत्साही विद्यार्थी तेच पाठ करतात. मग भिंतीवर एका हाताच्या मुळाक्षरांचं चकचकीत पोस्टर लागतं आणि सीताबर्डीहून आलेल्या बधिर रुग्णाला त्याचा काडीचाही उपयोग होत नाही. खरं तर योग्य साहित्य फुकट उपलब्ध आहे. दिल्लीत २०१५ साली भारतीय सांकेतिक भाषा संशोधन आणि प्रशिक्षण केंद्र सुरू झालं. त्याचा शब्दकोश २०१८ मध्ये ३,००० शब्दांनी सुरू झाला आणि २०२१ मध्ये १०,००० वर पोचला. त्यात वैद्यकीय शब्दही आहेत आणि प्रत्येक शब्दाचा व्हिडिओ आहे.

शब्दकोशालाही एक मर्यादा आहे. वार, महिने, नाती, रंग यांच्या खुणा शहरागणिक आणि शाळेगणिक बदलतात. शंकरनगरच्या मूकबधिर विद्यालयात वाढलेल्या माणसाच्या खुणा दिल्लीच्या व्हिडिओशी तंतोतंत जुळतीलच असं नाही. ('मूक' हा शब्द जुन्या संस्थांच्या पाट्यांवर राहून गेला आहे. या माणसांना घसाही असतो आणि भाषाही असते, त्यामुळे 'बधिर' एवढं पुरे.) गप्पांमध्ये हा फरक चालून जातो. दवाखान्यात तो नेमका तारखेवर येऊन आदळतो. 'पुढच्या गुरुवारी टाके काढायला या' यातला गुरुवार चुकला की टाके चुकतात. उपाय साधा आहे: वार कधीही खुणेनं सांगायचा नाही, कॅलेंडरवर बोट ठेवायचं आणि तो चौकोन पेनानं गोल करून द्यायचा.

'मग लिहून देऊ की' असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. कानांनी ऐकून मराठी शिकलेला आणि नंतर वयात बहिरा झालेला माणूस असेल, तर लिहून देणं उत्तम. बोलणं अक्षरांत उतरवणारी मोबाइलमधली सोयही अशा माणसासाठी कामाची आहे, जर खोली शांत असेल तर. जन्मतः बधिर असलेल्याची गोष्ट वेगळी. त्याच्यासाठी मराठी ही डोळ्यांनी शिकलेली दुसरी भाषा असते, आणि मराठीचा सगळा जीव प्रत्ययांत आहे. 'जेवणाआधी', 'जेवणानंतर', 'जेवल्याशिवाय घेऊ नका': तिन्हींत ठळक दिसतं ते 'जेवण' आणि अर्थ मात्र शेपटात दडलेला. 'रिपोर्ट पॉझिटिव्ह आला' हे वाचून माणूस आनंदानं घरी जातो, कारण शाळेत पॉझिटिव्ह म्हणजे चांगलं असं शिकवलेलं असतं. लिहायचंच असेल तर एका ओळीत एकच गोष्ट लिहावी. नकार असेल तर तो फुलीच्या चिन्हानं दाखवावा. गोळ्यांचा १-०-१ हा हिशेब नुसता न ठेवता त्यावर उगवता सूर्य, माथ्यावरचा सूर्य आणि चंद्र काढावेत. शेजारी ताटाचं चित्र आणि गोळी ताटाच्या डावीकडे की उजवीकडे, एवढं पुरतं. दोन अंक एकामागून एक आले तर नेहमी घोटाळा होतो, म्हणून 'दोन गोळ्या तीन वेळा' असं न सांगता प्रत्यक्ष पाकिटातून दोन गोळ्या बाजूला काढून दाखवाव्यात.

मान हलवण्यावर तर अजिबात भरवसा ठेवू नये. बधिर माणूस मान हलवतो तेव्हा बहुतेक वेळा तो 'मी तुमच्याकडे बघतोय' एवढंच सांगत असतो. आयुष्यभर न समजलेल्या बोलण्याला होकार देत आल्यावर ती सवयच होते, आणि पाठीमागे रांग कुरकुरत असताना 'पुन्हा सांगा' म्हणायला धाडस लागतं. समजलं का, असं विचारलं की उत्तर 'हो' येणारच. त्याऐवजी गोळ्यांची पाकिटं त्याच्या हातात द्यायची आणि आज रात्री यातलं काय घेणार, ते काढून दाखवायला सांगायचं. एका मिनिटाचं काम आहे, आणि चूक तिथल्या तिथे पकडता येते.

आता शिकवण्याकडे येऊ. कोणतीही भाषा शिकताना समजणं आधी येतं, बोलणं मागून येतं. मूल वर्षभर ऐकतं आणि मग बोलतं. मोठ्या माणसानं कार्यशाळेत खुणा शिकल्या की हे उलटं होतं. हात पटकन वळतात, समोरच्याचे हात मात्र वाचता येत नाहीत. चाळीस खुणा येणारे डॉक्टर 'कुठे दुखतं' हे व्यवस्थित विचारतात. समोरच्या बाईंना वाटतं, अखेर कोणीतरी आपली भाषा जाणणारं भेटलं! त्या मग आपल्या नेहमीच्या वेगानं दोन महिन्यांची कहाणी सांगतात, आणि डॉक्टरांच्या पदरी त्यातली 'पोट', 'रात्र' आणि 'आई' एवढीच पडते. आई आजारी होती, आईनं औषध दिलं, की आईला हाच आजार होता? काहीच खुणा न येणाऱ्या डॉक्टरला निदान आपल्याला कळलं नाही हे कळतं. चाळीस खुणा येणाऱ्याला आपल्याला कळलं असं वाटतं. प्रशिक्षणाचा निम्मा वेळ हात वाचण्यावर खर्च व्हायला हवा, आणि कार्यशाळेत नेमकं तेच होत नाही.

मग शिकवायचं कोणाला? सगळ्यांच्या डोळ्यांसमोर डॉक्टर येतो. २०१९ मध्ये एमबीबीएसच्या सुरुवातीच्या फाउंडेशन कोर्समध्ये दिव्यांगत्वाविषयी काही तास आले, तेही याच विचारातून. पण इंटर्न एका वर्षात जातो आणि त्या वर्षातही दर काही आठवड्यांनी विभाग बदलतो. निवासी डॉक्टर तीन वर्षांनी जातो. रुग्णालयात वर्षानुवर्षं राहतात त्या परिचारिका, खिडकीवरचे लिपिक, एक्स-रेचे तंत्रज्ञ आणि वॉर्डातले मामा-मावशी. बधिर रुग्णाचा अडथळाही डॉक्टरच्या टेबलाशी सुरू होत नाही. तो दारावरच्या रक्षकाशी सुरू होतो, खिडकीवर वाढतो आणि बाकावर बसल्यावर पूर्ण होतो, कारण नाव हाक मारून पुकारतात आणि ज्याला ऐकू येत नाही तो संध्याकाळपर्यंत बसून राहतो.

त्यामुळे पैसा आणि तास मर्यादित असतील तर वाटणी अशी करावी. रक्षक, खिडकी आणि मामा-मावशी यांना पंचवीस ते तीस खुणा: नमस्कार, नाव काय, थांबा, माझ्याबरोबर या, दुखतंय का, पाणी, शौचालय, नातेवाईक, पैसे नाहीत लागत, भिऊ नका, दुभाष्या येतोय. एक तासाची चार सत्रं पुरतात, पण दर तीन महिन्यांनी उजळणीचा एक तास हवाच. न वापरलेली खूण लवकर विसरते. अपघात विभाग, प्रसूती, बालरोग आणि अतिदक्षता इथल्या प्रत्येक पाळीतल्या दोन परिचारिकांना मात्र खरी भाषा शिकवावी. आठवड्यातून दोन दिवस दीड-दीड तास, निदान सहा महिने, आणि वर्गात तोंडानं बोलायला बंदी. आवाज चालू राहिला की हात नुसते साथीला राहतात, व्याकरण मराठीचंच राहतं.

शिकवणारी व्यक्ती बधिर असावी. ही दयेची नेमणूक नव्हे. ज्याची ती मातृभाषा आहे त्याच्याच हातांत नैसर्गिक वेग आणि चेहरा असतो, आणि विद्यार्थ्याला वाचायची सवय लागते ती त्या वेगाचीच. दिल्लीच्या केंद्रात बधिर शिक्षकांसाठीच सांकेतिक भाषा शिकवण्याची पदविका आहे, तेव्हा 'पात्र माणूस कुठून आणायचा' ही सबब टिकत नाही. आणि त्या शिक्षकाला तासाचे पैसे द्यावेत. २३ सप्टेंबरला, आंतरराष्ट्रीय सांकेतिक भाषा दिनाला, शाल आणि नारळ देऊन फुकट शिकवून घेण्याची प्रथा बंद झाली तर बरं.

खुणा शिकण्याइतकंच महत्त्वाचं म्हणजे रुग्णाचे हात मोकळे ठेवायला शिकणं. याबद्दल फारसं कोणी बोलत नाही. सलाइन लावताना शीर दिसेल तिथे सुई जाते, बहुतेकदा उजव्या मनगटावर किंवा तळव्याच्या पाठीवर. बधिर माणसाच्या बाबतीत हे त्याच्या तोंडाला पट्टी लावण्यासारखं आहे. आधी विचारावं, कोणता हात जास्त चालतो, आणि दुसऱ्या हाताच्या कोपर-मनगटाच्या मधल्या भागात कॅन्युला घालावी, म्हणजे मनगट आणि कोपर दोन्ही वळतात. बोटावरची ऑक्सिजन मोजणारी चिमटी त्याच हाताला लावावी. रक्तदाबाचा आपोआप फुगणारा पट्टा मात्र त्याच बाजूला चालत नाही, कारण तो फुगला की सलाइन अडतं. तो पायाला बांधता येतो का ते पाहावं, नाहीतर तो फुगताना बोलणं थांबवावं. अतिदक्षता विभागात नळ्या ओढू नयेत म्हणून हात बांधतात. बधिर रुग्णाचे दोन्ही हात बांधले की तो काही सांगूही शकत नाही, आणि त्याची सुटायची धडपड 'रुग्ण आक्रमक' अशी कागदावर उतरते. प्रसूतीच्या टेबलावर कळा येताना मावशी मायेनं बाईचे हात धरून ठेवतात. इथे खांद्यावर हात ठेवावा, हात सोडावेत. आणि एकीनं तिच्या डोळ्यांसमोर उभं राहून जोर कधी लावायचा, कधी नाही, ते दाखवावं, कारण पायांकडून येणाऱ्या सूचना तिच्यापर्यंत पोचणारच नाहीत.

छातीचा एक्स-रे हा आणखी एक सापळा. रुग्णाची छाती प्लेटला टेकलेली, तोंड भिंतीकडे, तंत्रज्ञ मागे काचेच्या आड. 'श्वास घ्या, रोखा' हे तो ओरडणार आणि फोटो हलून येणार. मग दुसरा एक्स-रे, तिसरा एक्स-रे. तंत्रज्ञानं आधी समोरासमोर उभं राहून खोल श्वास घेऊन रोखून दाखवावा, रुग्णाकडून दोनदा करून घ्यावा, आणि खांद्यावर थाप मारल्यावर श्वास भरून मनात दहापर्यंत मोजायचं असं ठरवावं. ज्या खोलीत भिंतीवर रुग्णाच्या डोळ्यांसमोर एक छोटा दिवा बसवता येईल तिथे थापेचीही गरज नाही: दिवा लागला की रोखा, विझला की सोडा. एमआरआयमध्ये श्रवणयंत्र काढावं लागतं, त्यामुळे सगळ्या सूचना यंत्र काढण्याआधी द्याव्यात, नंतर नाही. आणि कॉक्लिअर इम्प्लांट (शस्त्रक्रियेनं कानाच्या आत बसवलेलं ऐकण्याचं उपकरण) असेल तर आतल्या चुंबकामुळे त्याचं मॉडेल तपासल्याखेरीज रुग्णाला त्या खोलीत नेऊच नये. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत चेहरा कापडाखाली असतो, म्हणजे ऐकूही येत नाही आणि दिसतही नाही. आदल्या दिवशीच ठरवून घ्यावं: परिचारिका हात एकदा दाबेल तर स्थिर राहा, दोनदा दाबेल तर झालं. रुग्णानं बोट उचललं तर खोकला येतोय किंवा दुखतंय. डॉक्टरनं बोट उचललेलं दिसताच हत्यार थांबवायचं. भूल देणाऱ्यालाही हा करार माहीत हवा.

हे सगळं झाल्यावरही निदान, संमती, शस्त्रक्रियेचे धोके, कर्करोगाची बातमी, मानसिक आजार आणि अत्याचाराची विचारपूस ही कामं कितीही शिकलेल्या परिचारिकेची नाहीत. ती दुभाष्याची आहेत. सध्या ती जागा नातेवाईक भरतो, आणि पुष्कळदा तो दहा-बारा वर्षांचा मुलगा किंवा मुलगी असते, कारण आईवडील बधिर आणि लेकराला ऐकू येतं. आईच्या गर्भाशयाबद्दल मुलानं सांगायचं, बापाच्या दारूबद्दल मुलीनं सांगायचं. नवरा दुभाष्या असेल तर अंगावरचे वळ 'पायऱ्यांवरून पडली' होतात. नातेवाईक वाईट असतो असं नाही, तो गाळतो. डॉक्टर पाच वाक्यं बोलतात, तो दोन खुणा करतो: 'काही नाही, गोळी घे.' पुढे जन्मभर त्या माणसाला आपल्या आजाराचं नावही ठाऊक नसतं.

कायद्याचं चित्र यात विचित्र आहे. फौजदारी कायद्याच्या २०१३ च्या दुरुस्तीनं लैंगिक अत्याचाराची तक्रार करणारी स्त्री दिव्यांग असेल तर पोलिसांनी तिची तक्रार दुभाष्याच्या किंवा विशेष शिक्षकाच्या उपस्थितीत नोंदवावी, असं स्पष्ट केलं. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ मध्ये संमतीची व्याख्याच अशी आहे की माहिती त्या व्यक्तीला समजेल अशा भाषेत आणि अशा रीतीनं दिलेली हवी. सर्वोच्च न्यायालयानं समीरा कोहली प्रकरणात २००८ मध्ये, पुरेशी माहिती देऊन घेतलेली तीच संमती, हे ठामपणे सांगितलं. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ संवादाच्या व्याख्येत सांकेतिक भाषा घेतो, कलम २५ मध्ये सरकारी आणि खासगी दोन्ही रुग्णालयांत अडथळामुक्त प्रवेश आणि उपचारात प्राधान्य सांगतो. पण त्या कलमात 'दुभाष्या' हा शब्द नाही. मग अडथळा म्हणजे पायऱ्या, आणि उपाय म्हणजे उतार असा अर्थ लावून प्रशासन मोकळं होतं. गुन्हा घडला तर दुभाष्या आणि आजार झाला तर नातेवाईक, अशी ही व्यवस्था आहे. अंगठा किंवा सही घेतलेला संमतीपत्राचा कागद फाइलमध्ये असतो, त्याला संमती म्हणायचं का हा प्रश्न कोणी विचारत नाही.

दुभाष्या आला तरी त्याला वापरायचा कसा, हेही शिकावं लागतं. त्यानं डॉक्टरच्या शेजारी, किंचित मागे बसावं, म्हणजे रुग्णाला एका नजरेत दोघं दिसतात. खिडकी त्यांच्या पाठीशी नको. डॉक्टरनं रुग्णाकडे बघून 'तुम्हाला कधीपासून दुखतंय' असं विचारावं. 'यांना विचारा कधीपासून दुखतंय' असं दुभाष्याला सांगू नये. दुभाष्या 'मला' म्हणतो तेव्हा तो रुग्णाचा 'मला' असतो. अर्ध्या तासाच्या आसपास सलग काम झालं की दुभाष्याची अचूकता घसरते, त्यामुळे लांब समुपदेशनाला दोघं हवेत. वेळ दुप्पट लागेल ही भीती मात्र बरीचशी फोल आहे. तोंडी भाषांतरात एकजण थांबतो तेव्हा दुसरा बोलतो. इथे एक भाषा कानाची आणि दुसरी डोळ्याची, त्यामुळे दोन्ही जवळजवळ एकत्र चालतात. शाळेचं तोंड न पाहिलेला, घरच्याघरी तयार झालेल्या खुणांवर जगणारा माणूस दुर्गम भागातून आला तर नेहमीचा दुभाष्याही थकतो. तिथे बधिर दुभाष्या मध्ये लागतो, जो त्या घरगुती खुणा पकडून भारतीय सांकेतिक भाषेत आणतो, आणि तिथून दुसरा मराठीत आणतो. यावर वेळ जातो, तो जाऊ द्यावा.

'महिन्यात दोन-तीन असे रुग्ण येतात, त्यांच्यासाठी पद?' हा आक्षेप वरवर व्यवहारी वाटतो. आकडा लहान दिसतो याचं एक कारण असं, की केस पेपरवर भाषेचा रकानाच नाही. २०११ च्या जनगणनेत देशात ऐकण्याचं अपंगत्व असलेले सुमारे ५० लाख ७० हजार लोक नोंदले गेले, ते सगळे कुठेतरी आजारी पडतातच. सरकारी रुग्णालयात तर त्यांची गाठ एकदा हमखास पडते: दिव्यांग प्रमाणपत्रासाठी. कान-नाक-घसा विभागात तपासणी होते, डेसिबल मोजले जातात, टक्केवारी ठरते. कायद्याच्या व्याख्येत दोन्ही कानांत ७० डेसिबलचा ऱ्हास म्हणजे बधिर. एवढं सगळं मोजताना 'तुम्ही कोणत्या भाषेत बोलता' हे एक वाक्य विचारून नोंदवलं, आणि तीच खूण पुढच्या प्रत्येक केस पेपरवर शिक्क्यानं उमटली, तर महिन्यात किती रुग्ण येतात याचा खरा आकडा वर्षभरात हाती येईल. पद मंजूर करून घ्यायला तोच लागतो.

तोपर्यंत मेडिकल, मेयो, डागा आणि मिहानमधलं एम्स यांच्यात मिळून दोन दुभाषे वाटून घेता येतील. ठरावीक वारी ठरावीक रुग्णालयात हजेरी, बाकी वेळ व्हिडिओवर. ठरावीक वाराची एक खोड आहे: 'आज बुधवार नाही, बुधवारी या' असं सांगायला खिडकीला निमित्त मिळतं. म्हणून वार फक्त न तातडीच्या कामांना, आणि अपघात विभागात चोवीस तास व्हिडिओ. व्हिडिओसाठी मोबाइल पुरत नाही. दहा इंची टॅबलेट, चाकांच्या स्टँडवर, खाटेवर पडलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीला येईल असा. कॅमेऱ्यात कमरेपासून डोक्यापर्यंतचं अंग दिसायला हवं. जुन्या इमारतींच्या भिंतींत वायफाय मरतं म्हणून त्यात स्वतःचं सिमकार्ड. चित्र अडखळलं की हाताची अर्धी हालचाल गळते आणि अर्थ बदलतो, म्हणून अडखळताक्षणी थांबून पुन्हा विचारायचं. डोळे सुजलेले, गुंगीतला, कुशीवर झोपवलेला किंवा कमी दिसणारा रुग्ण असेल तर व्हिडिओचा नाद सोडून माणूसच बोलवावा.

पैसा नाही असंही म्हणता येत नाही. रुग्ण कल्याण समित्यांकडे निधी असतो. स्थानिक स्वराज्य संस्थांना आपल्या उत्पन्नातला ५ टक्के हिस्सा दिव्यांगांसाठी राखून ठेवावा लागतो. डिसेंबर २०२२ पासून राज्यात दिव्यांग कल्याणाचा स्वतंत्र विभागही आहे. या पैशांतून तीनचाकी सायकली आणि श्रवणयंत्रं घेतली जातात, कारण वस्तूचं वाटप व्यासपीठावर करता येतं. दुभाष्याचा पगार हारतुऱ्यांत बसत नाही.

शेवटचा अडथळा रुग्णालयातून सुटी होताना मिळणाऱ्या कार्डावर छापलेला असतो. 'ताप आल्यास, टाक्यांतून पू आल्यास, श्वास लागल्यास ताबडतोब या क्रमांकावर संपर्क साधा', आणि खाली लँडलाइन नंबर. भंडाऱ्याला घरी पोचलेल्या बधिर माणसाला रात्री दोन वाजता थंडी वाजून ताप भरतो. लँडलाइन त्याच्या कामाची नाही. १०८ ला फोन लावला तरी पलीकडून विचारलेलं ऐकू येणार नाही. शेजारच्याला उठवून त्याच्या तोंडून आपला आजार सांगायचा, एवढंच त्याच्या हातात उरतं. त्या कार्डावर लँडलाइनच्या शेजारी वॉर्डाच्या ड्युटी मोबाइलचा, व्हिडिओ कॉल उचलणारा नंबर छापायला नवी ओळ लागते, नवा शासन निर्णय नाही.